क्षार म्हणजे नेमकं काय? रक्ततपासणीच्या पत्रकासाठी शब्द हवा

भाषांतर_टेबल
कोल्हापुरातल्या एका रुग्णालयासाठी रुग्णांना द्यायची माहितीपत्रकं मराठीत करते आहे. मधुमेहाचं झालं, रक्तदाबाचं झालं, मूत्रपिंडाच्या पत्रकावर अडले. मूळ मजकुरात 'इलेक्ट्रोलाइट्स' आहे. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट या सगळ्यांना मिळून एक शब्द. मी सरळ 'रक्तातील क्षार' लिहिलं. मसुदा तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून 'लवणे' केलं. घरी सासऱ्यांना वाचायला दिलं तर ते म्हणाले, "लवण म्हणजे मीठ. मीठ बंद केलं की काम झालं, एवढं पानभर कशाला लिहिलंय?" ओळखीच्या एका वैद्यांनी तर क्षार हा मिठाचा शब्दच नव्हे असं सांगितलं. त्यांच्या मते क्षार हा आम्लाच्या उलट, म्हणजे 'रक्तातील क्षार वाढले' याचा अर्थ रक्ताचं आम्लपण कमी झालं असा होतो.

पत्रकातलं वाक्य असं आहे: मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे वाचून माणसाने फक्त मिठाची बरणी बाजूला ठेवली तर पत्रकाचा काही उपयोग नाही. काय लिहू?

नववी_ब
ताई, 'क्षार' ठेवा. नववीच्या विज्ञानात धडाच आहे 'आम्ल, आम्लारी व क्षार'. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. हायड्रोक्लोरिक आम्लात कॉस्टिक सोडा घातला की जे उरतं ते मीठ. पण मीठ हा त्या कुळातला एक. तुरटी क्षार, मोरचूद क्षार, हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेटही क्षारच. आणि आम्लारी हा शब्द किती नेमका आहे बघा, आम्लाचा अरी, आम्लाचा शत्रू. मी इतकी वर्षं शिकवतोय, मुलांना हा शब्द एकदा फोडून सांगितला की परत सांगावा लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलं हेच शिकून बाहेर पडलीत, त्यांच्या शब्दाला आता धक्का लावू नये.

आघाडा
ओळखीचे वैद्य बरोबर सांगतायत, आणि पाठ्यपुस्तकाने इथे जुना अर्थ उलटा केला आहे हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. हाती येतं ते क्षार, आणि ते जाळतं. भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या जखमेवर, आम्ही आजही क्षारसूत्र वापरतो. दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर चढवलेले असतात. हा क्षार म्हणजे मीठ नव्हे, तीव्र अल्कली आहे, सरांच्या शब्दात आम्लारी. मिठासाठी संस्कृतात लवण हा वेगळा शब्द आहे, सहा रसांत तो स्वतंत्र मोजलाय. गंमत नव्हे, खरं सांगतो, अरबी 'अल्-कली'चा अर्थही राखच. दोन संस्कृतींनी एकाच चुलीतून एकच वस्तू काढली आणि नावं दिली.

तेव्हा ताई, लवणे हाच शब्द शुद्ध. विश्वकोशातही लवणच आहे.

माजी_सैनिक
माझं शिक्षण हिंदी माध्यमात, नोकरी लष्करी रुग्णालयात. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि लवण म्हणजे सॉल्ट, वैद्यराज सांगतायत तसंच. गावी परत आल्यावर नातवाचा अभ्यास घ्यायला बसलो आणि पहिल्याच पानावर भांडण झालं. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. मी म्हणत होतो पाण्याचा अणु, तो म्हणत होता पाण्याचा रेणू, आणि दोघेही आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होतो. पत्रक सीमाभागातल्या लोकांच्या हातात जाणार असेल तर हेही ध्यानात घ्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात निपाणी, चिकोडी, बेळगावकडून माणूस येतो. त्याचं शाळेतलं रसायनशास्त्र कुठल्या भाषेतलं ते आपल्याला ठाऊक नसतं.

शिरोळचं_रान
तुम्ही सगळी पुस्तकातनं बोलायलाय. आमच्या तालुक्यात क्षार काय असतोय ते रानात येऊन बघा. उसाला पाणी पाजून पाजून खालचं पाणी वर आलं, आणि उन्हाळ्यात रानावर पांढरं फुटतंय, पायाखाली कुरकुरतंय. ही क्षारपड जमीन. ह्यात क्षार म्हंजे मीठ, सोडियमची, कॅल्शियमची, मॅग्नेशियमची मिठं. पाण्यानं धुवून निचऱ्यातनं बाहेर काढता येत्यात, म्हणून तर लोकांनी जमिनीखाली पाइपा टाकल्यात.

पण दुसरी एक जमीन असत्या, चोपण. ती दिसायला तसलीच वाटत्या, पण औषध निराळं. भिजली की चिकट, पाणी वरच साठून ऱ्हातंय, वाळली की दगड. तिचा सामू, म्हंजे पीएच, आम्ल का अल्कली त्याचं माप, साडेआठच्या वर. तिथं नुसतं पाणी सोडून काय होत न्हाई, जिप्सम टाकायला लागतंय. जिप्समातला कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतोय, मग निचरा होतोय.

म्हंजे आमच्याकडं दोन्हीला दोन शब्द हायेत. क्षारपड निराळी, चोपण निराळी. माती परीक्षणाच्या कागदावर पण दोन आकडे निराळे येत्यात, क्षारता एक आणि सामू एक. शेतकऱ्याला ह्यात घोळ न्हाई. घोळ तुमच्या रक्तात हाय.

भाषांतर_टेबल
दादा, हे फार मोलाचं आहे. रक्ताचंही अगदी असंच आहे. एकीकडे क्षार किती विरघळलेत ते मोजतात, दुसरीकडे रक्ताचा सामू, तो ७.३५ ते ७.४५ एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. शेतीच्या पत्रकात 'सामू' चालतो तर रुग्णाच्या पत्रकात का नको? मी 'पीएच' लिहून ठेवलं होतं, ते बदलते.

नववी_ब
सामू पाठ्यपुस्तकातही आहे, बिनधास्त वापरा. संकल्पना डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सनची, १९०९ ची, तीही बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतली.

माजी_सैनिक
सामू शब्द आला कुठून? 'साम्य'वरून का?

नमुना_काउंटर
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसते. लोक काय बोलतात ते मी सांगते. "आईचं सोडियम किती आलं?" "पोटॅशियम खाली आलं का?" असं विचारतात. क्षार कुणी विचारत नाही, लवण तर नाहीच. इचलकरंजीहून येणारा यंत्रमाग कामगार असो नाहीतर राजारामपुरीतला दुकानदार, घरात एक म्हातारं माणूस आजारी पडलं की महिन्याभरात सोडियम हा घरचा शब्द होतो. तेव्हा सरळ 'सोडियम, पोटॅशियम' लिहा, एकत्र नाव द्यायची गरजच काय?

आणि मिठाबद्दल सासरे जे बोलले ते हसण्यावारी नेऊ नका. राधानगरी भागातल्या एक आजी यायच्या, पोटॅशियम सारखं वर. नातू म्हणाला, "सगळं पथ्य पाळते हो." मी आजींना विचारलं काय काय खाता, तर म्हणाल्या, "मीठ तर कवाच सोडलो की मी. ते नवं मीठ आणलंय, डॉक्टरी." पिशवी आणायला सांगितली. कमी सोडियमचं मीठ होतं. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबवाल्या माणसाला ते सोयीचं, मूत्रपिंड बिघडलेल्याला धोक्याचं. वरून रोज एक शहाळं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर. आजींनी सांगितलेलं सगळं केलं होतं, फक्त 'मीठ' या शब्दाने त्यांना भलत्या वाटेला नेलं. पत्रकात या दोन गोष्टी नावानिशी लिहा, शब्द कुठलाही घ्या.

रात्रपाळी
नमुना_काउंटर ताईंच्या प्रत्येक शब्दाला माझी सही. मी परिचारिका आहे. उलटा प्रकारही रोज बघते. सोडियम कमी आलं की नातेवाईक वाटीत मीठ घेऊन बसतात, चमचा चमचा चाटवतात. सोडियमचा आकडा म्हणजे रक्तातल्या पाण्याच्या मानाने सोडियम किती. १३५ ते १४५ मिलीमोल प्रति लिटर ठीक धरतात. तो खाली येतो तो पुष्कळदा अंगात पाणी जास्त साठल्यामुळे, किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे. पाणी जास्त झालं असेल तर उपाय पाणी मोजून देणं हा असतो, मीठ चाटवणं नव्हे. 'क्षार कमी झाले' म्हटलं की माणूस भर घालायला धावणारच. 'प्रमाण बिघडलं' असं लिहा ना.

मराठीच
सगळ्यांनी सोडियमवर समाधान मानलेलं बघून वाईट वाटलं. इलेक्ट्रोलाइटला मराठी शब्द आहे: विद्युत अपघटनी पदार्थ. तो का नको? अवघड म्हणून? जीवनसत्त्व, संप्रेरक, कर्बोदक हे शब्दही एके काळी अवघड होते. आज भाजीवाल्या मावशी जीवनसत्त्व म्हणतात. प्रथिन घ्या. मूळ शब्द प्रोटीन, ग्रीकमध्ये 'पहिला' या अर्थाच्या शब्दावरून १८३८ मध्ये केलेला. आपल्या लोकांनी 'प्रथम' घेतलं आणि 'प्रथिन' घडवलं. उच्चार जवळ, अर्थ जवळ, आणि शब्द पूर्ण आपला. ज्यांनी हे केलं त्यांच्यात जिद्द होती. आपण ती सोडली की पुढची पिढी स्वतःच्या शरीराबद्दल परक्या शब्दांत बोलेल.

नववी_ब
प्रथिनाबद्दल पूर्ण सहमत. पण 'विद्युत अपघटनी' शरीराच्या बाबतीत चुकीचं चित्र उभं करतो. अपघटन म्हणजे फुटणं. वाचणाऱ्याला वाटेल अंगात वीज खेळते आणि तिने मीठ फुटतं. १८३४ मध्ये शास्त्रज्ञ फॅरेडेने इलेक्ट्रोलाइट शब्द रूढ केला तेव्हा समज तोच होता, विजेने पदार्थ सुटा होतो. पुढे १८८७ मध्ये अर्हेनियसने मांडलं की वीज नसतानाही मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे प्रभारित कण, म्हणजे आयन, आपोआप सुटे असतात. रक्तात, पेशीत, घामात हेच असतं. सोडियमचा धन आयन इकडे, क्लोराइडचा ऋण आयन तिकडे. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि पेशीच्या पटलातला पंप ते अंतर राखण्यासाठी सतत राबत असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. या अंतरावरच मज्जातंतूचा संदेश आणि हृदयाचा ठोका चालतो. म्हणून पोटॅशियम बिघडलं की पहिला फटका ठोक्याला बसतो. ताईंच्या वाक्यामागचं कारण हे आहे, आणि 'अपघटन'मध्ये ते कुठेच येत नाही. शब्द घ्यायचाच तर 'आयन' घ्या.

मराठीच
आयन हा तर इंग्रजीच!

आघाडा
तसं नाही. फॅरेडेसाठी हे शब्द ग्रीकमधून घडवून दिले होते. ग्रीकमध्ये आयन म्हणजे 'जाणारा'. संस्कृतात 'इ' धातू, अर्थ जाणे, त्यावरून अयन. उत्तरायण, दक्षिणायन, तेच अयन. ग्रीक धातू आणि आपला धातू एकाच मुळाचे आहेत. विजेच्या ओढीने एका टोकाकडे निघालेला कण तो आयन. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत, परका म्हणून दारातून घालवू नका.

मराठीच
हे मला फार आवडलं. मग आयनवर माझा आक्षेप मागे. पण मग पत्रकात 'रक्तातील आयने' लिहायचं की 'आयन'? अनेकवचन काय करायचं?

शिरोळचं_रान
आयन म्हटलं तर आमच्या गावात 'आयना' का म्हणून विचारतील.

आघाडा
आणि नववी_ब सरांना एक प्रश्न. ताईंच्या यादीत चौथं नाव बायकार्बोनेट आहे. ते काय करतं? आम्ल आलं की त्याला शमवतं. खायच्या सोड्यात तेच, पापडखाराचं कुळ तेच. म्हणजे इलेक्ट्रोलाइटच्या यादीत एक जण माझ्या अर्थाने क्षार आहेच. तीन लवणाच्या बाजूचे, एक क्षाराच्या बाजूचा. सगळ्यांना 'क्षार' म्हणालात तर हा फरक पुसला जातो.

नववी_ब
वैद्यराज, तुमचा मुद्दा खरा आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. खायचा सोडा हाही रसायनशास्त्राच्या हिशेबाने क्षारच, फक्त त्याच्या द्रावणाचा सामू सातच्या वर. क्षार उदासीन असू शकतो, आम्लधर्मी असू शकतो, आम्लारीधर्मी असू शकतो. शिरोळच्या दादांनी सांगितलं तेच: क्षार किती हा एक प्रश्न, सामू किती हा दुसरा.

रात्रपाळी
तुमचं चालू द्या, पण माझा एक शब्द यापेक्षा रोज नडतो. पित्त. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलेला माणूस म्हणतो, "मला पित्ताचा त्रास लहानपणापासून, म्हणून खडे झाले." त्याचा पित्ताचा त्रास म्हणजे जळजळ, आंबट ढेकर. ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. पित्ताशयातला पित्तरस यकृतातून येतो, चरबी पचवायला मदत करतो, आणि तो आम्ल नाहीच, उलट किंचित आम्लारीधर्मी असतो. 'आम्लपित्त' या एका शब्दाने दोन विरुद्ध रसांची गाठ मारून ठेवली आहे. ऑपरेशननंतर हेच लोक येऊन म्हणतात, पिशवी काढली तरी पित्त होतंच की!

नमुना_काउंटर
आणि अंगावर उठतं ते पित्त तिसरंच. गांधी आल्या की त्यालाही पित्त.

आघाडा
पित्त हा शब्द बिचारा बदनाम होतोय. आयुर्वेदात पित्त म्हणजे एक रस नव्हे. पचवणारं, जाळणारं, रंग आणणारं जे तत्त्व ते पित्त. आणि आधुनिक शास्त्रही लोकांच्या बोलण्याला एका जागी दुजोरा देतं. अंगावर गांधी उठतात त्या हिस्टामिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे. जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींना चेतवणाऱ्यांतही हिस्टामिन आहे. पेशीवर ते ज्याला चिकटतं तो ग्राहक दोन्हीकडे वेगळा, म्हणून गोळ्या वेगळ्या, पण रसायन तेच. जळजळ आणि गांधी या दोहोंना एकच नाव देणाऱ्या आजीबाईला मी अडाणी म्हणणार नाही.

रात्रपाळी
हे मान्य. पण मग पित्ताशयाच्या पत्रकात काय लिहायचं? मी तोंडी सांगताना 'हिरवं पित्त' म्हणते, उलटीत शेवटी कडू हिरवं-पिवळं येतं ते. तेवढं बोललं की लोकांना चटकन कळतं.

गुऱ्हाळ
उशिरा आलो. आमच्या काहिलीत रसाला चुन्याची निवळी घालतात, ती कशासाठी? उसाचा रस आंबूस असतो, त्याला सम करायला. निवळीने आणि भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढतात. नववी_ब सरांचा आम्लारी म्हणजे आमच्याकडे 'चुना दिला'. आणि शिरोळच्या दादाला विचारा, क्षारपड रानातल्या उसाचा गूळ कसा होतो. खारट लागतो, आणि पावसाळ्यात लवकर पाणी सुटतं. मातीतला क्षार उसात, उसातला गुळात, गुळातला माणसात.

शिरोळचं_रान
खरं हाय. व्यापारी नुसती जिभेला लावून ढेप बाजूला ठेवतोय.

भाषांतर_टेबल
पत्रक छपाईला जायचं आहे, तर आत्ता असं लिहिते: "रक्तात सोडियम, पोटॅशियम असे क्षार ठरावीक प्रमाणात विरघळलेले असतात. हे प्रमाण बिघडलं तर..." खाली चौकटीत: कमी सोडियमचं मीठ आणि शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका; सोडियम कमी आलं तरी मनाने मीठ वाढवू नका. 'सामू' एकदाच, आणि त्यापुढे 'रक्त किती आम्लधर्मी आहे याचं माप'. जमतंय का?

आघाडा
चौकट उत्तम. 'क्षार'वर माझा विरोध कायम आहे, नोंद असू द्या.

मराठीच
'प्रमाण बिघडलं'पेक्षा 'समतोल ढळला' बरं.

रात्रपाळी
ढळला नको, बिघडलंच राहू द्या. खाटेवरचा माणूस बिघडलं म्हणतो. आणि तिखट बंद करा हे कुठे आलं नाही. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच असतो, तांबडा रस्सा चालतो का.

नववी_ब
तिखटपणाचा पोटॅशियमशी संबंध नाही, पण रश्श्यात मीठ किती ते बघा. तिखट ही तर चवही नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकालाच चेतवतं, म्हणून मेंदूला भाजल्यासारखं वाटतं. तो ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

माजी_सैनिक
तिखट हे 'तिक्त'वरूनच आलं ना? हिंदीत तीता म्हणतात.

आघाडा
नाही, तीक्ष्णवरून. तिक्त म्हणजे कडू, कारलं, कडुनिंब. संस्कृतात कटु म्हणजे तिखट, आणि आपण त्याच कटुचा 'कडू' करून तिक्ताला लावला. क्षाराचं जे झालं तेच कडूचंही झालं.

मराठीच
मग शुद्ध मराठीत मिरची कडू म्हणायची का?

शिरोळचं_रान
आमच्या शेजारच्या कन्नड गावात मिरचीला खारा म्हणत्यात! जेवायला बसलो की 'खारा बेका' विचारत्यात. आता ह्यो खारा कुठनं आला ते सांगा वैद्यराज.